टिपा लिहा (कोणत्याही दोन)

भामरागडात झेरॉक्सचं दुकान टाकलेल्या माणसाला विद्यापीठात जावं लागत नाही. विद्यापीठच काउंटरवर येतं, दोन रुपये पान. पाठपोट घेतलं तर तीन.

इथल्या पोरांचं विद्यापीठ म्हणजे गोंडवाना, २०११ साली गडचिरोलीत सुरू झालेलं. त्याआधी मार्कशीटवरचं नाव दुरुस्त करायचं तरी नागपूर गाठावं लागे. याखेरीज अंगणवाडीच्या ताई आणि आश्रमशाळेचे सर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे असतात, आणि सीआरपीएफचे जवान दिल्लीच्या इग्नूचे. या तिन्ही विद्यापीठांचा संगम माझ्या मशीनवर होतो. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा होतो तो जरा पुढे. तो बघायला लांबून माणसं येतात, माझ्याकडचा बघायला अजून कोणी आलेलं नाही.

मशीन जुनं आहे. एक पान बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक प्रश्न आरामात वाचून होतो. त्यामुळे अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल, इतिहास, मराठी साहित्य आणि पर्यावरण या विषयांचे झाडून सगळे प्रश्न मला तोंडपाठ आहेत. उत्तरं येत नाहीत, पण त्यावाचून माझं काही अडलेलं नाही. ‘टीप लिहा’ म्हणजे एक पान, ‘स्पष्ट करा’ म्हणजे दोन, ‘विशद करा’ म्हणजे तीन, आणि ‘साधक-बाधक चर्चा करा’ असलं की माझा चहा सुटतो.

या प्रश्नांची एक गंमत आहे. ते विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. बाकी जगात रस्ता विचारणारा वाट चुकलेला असतो, भाव विचारणाऱ्याला माल घ्यायचा असतो. गृहपाठ देणाऱ्याला मात्र काहीच नको असतं. त्याला फक्त बघायचं असतं की तुम्हाला त्याच्याइतकंच ठाऊक आहे का. जास्त असेल तर पंचाईत होते.

माझं एक गिऱ्हाईक घ्या. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दर मे महिन्यात तेंदूपत्ता गोळा करण्याच्या फळीवर मुन्शी असतो. सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांची एक गोणी, असा हिशेब. पुडकं हातात घेतलं की सत्तर आहेत की पासष्ट, ते हा न मोजता सांगतो. गावच्या ग्रामसभेचा सचिवही तोच आहे. पेसा कायदा १९९६चा आणि वनहक्क कायदा २००६चा. त्यांच्या जोरावर आता बऱ्याच ग्रामसभा आपला तेंदू आपण विकतात. ठेकेदार गाडी घेऊन येतात, तेव्हा समोर बसून भाव वाढवून घेणारा हाच. अशा माणसाला एकदा गृहपाठ आला: ‘अपूर्ण स्पर्धा उदाहरणासह स्पष्ट करा.’

मी मशीनवरून वाचलं तर पठ्ठ्याने कोलगेट लिहिलेलं. कोलगेट, पेप्सोडेंट आणि क्लोजअप.

म्हटलं, “अरे, तुझ्यासमोर दरसाल चार ठेकेदार आतून हातमिळवणी करून येतात. ते लिही ना.”

“नाही जी भाऊ,” तो म्हणाला. “तेंदू लिहिला तर सर विचारत बसतात. कोलगेट लिहिलं की टिक करतात.”

हा शहाणपणा त्याला आयता मिळालेला नव्हता. आदल्या वर्षी राज्यशास्त्रात ‘ग्रामसभेचे अधिकार लिहा’ असा प्रश्न होता. तो आनंदला आणि खरेखुरे अधिकार लिहून मोकळा झाला. त्यात ठेकेदाराला तीन वेळा परत पाठवण्याचा अधिकार होता आणि सभेत वनरक्षकाला चटईवर बसवण्याचाही होता. दहापैकी तीन पडले. शेरा होता, ‘मुद्द्यांना धरून लिहा.’ पुढच्या वेळी त्याने गाइड आणलं, त्यातलं एक ते आठ उतरवलं आणि आठ घेतले. ग्रामसभा तो अजून चालवतो, पण गाइडप्रमाणे नाही.

अर्थशास्त्रातला आणखी एक प्रश्न माझ्या विशेष आवडीचा: ‘वस्तुविनिमयाच्या अडचणी सांगा.’ पुस्तकाचं म्हणणं असं की दोघांच्या गरजा एकाच वेळी जुळत नाहीत. आमच्या भागात पूर्वी व्यापारी मीठ द्यायचे आणि तेवढीच चारोळी न्यायचे, हे म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतं. गरजा अगदी जुळत होत्या, दोघंही खूश. अडचण काय ती एकालाच मुंबईचा भाव ठाऊक असण्याची. ही अडचण कुठल्याच गाइडात नाही. गाइड व्यापाऱ्याने काढलेलं असतं, हे एक कारण असावं.

समाजशास्त्राला दरवर्षी ठरलेला प्रश्न: ‘माडिया जमातीची वैशिष्ट्ये लिहा.’ वर्गात निम्म्याहून जास्त पोरं माडिया, आणि सगळी मिळून माझ्याकडे नोट्स मागतात. हे शास्त्र तसं जुनं आहे. ग्रिगसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बस्तरच्या माडियांवर १९३८ साली जाडजूड पुस्तक लिहिलं. १९४७ साली व्हेरिअर एल्विनचं मुरियांच्या घोटुलावरचं आलं. गाइडवाल्यांनी माडिया आणि मुरिया एकत्र कालवून त्याच्या दीड पानाच्या नोट्स केल्या. त्यातला पाचवा मुद्दा असा: ‘हे लोक स्वभावाने साधे, भोळे व व्यवहारात अनभिज्ञ असतात.’

एक पोरगी हे पान घेऊन आली. अक्षर मोत्यासारखं, ‘भोळे’खाली लाल पेनने रेघ मारलेली.

“भाऊ, बारा प्रती पाहिजे. दीड रुपयाने लावा.”

“दोन रुपये भाव आहे बाई.”

“एटापल्लीला दीड आहे.”

“मग एटापल्लीला जा.”

“जातच आहे उद्या. आणि सगळ्या वर्गाचं घेऊन जाते.”

दीडने लावलं. वर एक लॅमिनेशन फुकट गेलं. व्यवहारात अनभिज्ञ कोण, हे परीक्षकांनी कधीतरी येऊन बघावं.

इंग्रजीचं निराळंच. तिथे माणसं रेल्वेच्या चौकशी खिडकीपाशी उभी राहून बोलतात: प्रवासी आणि बाबू यांच्यातला संवाद लिहा, पाच गुण. आख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन एकच, ते पार उत्तर टोकाला वडशाला. आमच्या दक्षिणेकडच्या पोराने रेल्वे पाहिली तर बल्लारशाला, नाहीतर मोबाइलात. एकाने प्रामाणिकपणे अहेरी आगाराच्या कंट्रोलरशी संवाद लिहिला. प्रवासी विचारतो, भामरागड गाडी कधी? कंट्रोलर म्हणतो, आली की. प्रवासी विचारतो, येणार कधी? कंट्रोलर म्हणतो, ड्रायव्हर जेवतो आहे. इंग्रजीत लिहिलेलं इतकं खरं मी तरी दुसरं वाचलेलं नाही. पाचपैकी दीड.

पर्यावरणाचा प्रकल्प तर सक्तीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हा विषय २००३-०४च्या सुमाराला देशभरच्या पदवी अभ्यासक्रमांत आला. विषय असतो ‘माझ्या परिसरातील पर्यावरणीय समस्या’. बिनागुंड्याचा एक पोरगा, म्हणजे डोंगर चढून, धबधब्याच्या अंगाने ज्याचं गाव येतं तो, माझ्याकडे प्रकल्प बांधायला घेऊन आला: ‘मिठी नदीचे प्रदूषण: एक अभ्यास’. नेटवर तयार मिळाला म्हणाला. मुखपृष्ठावर नदीचा फोटो पाहिजे होता. मिठीचा फोटो उतरवताना नेट गेलं, तर पर्लकोटाचा लावून दिला. सरांनी शेरा मारला, ‘प्रदूषण स्पष्ट दिसत नाही.’

पर्लकोटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्याकडे भूगोल स्वतः गृहपाठ घ्यायला येतो. पावसाळ्यात पर्लकोटाच्या पुलावर पाणी चढलं की आलापल्लीचा रस्ता बंद, आणि इंद्रावती फुगलेली असली की ती पर्लकोटाचं पाणी मागे लोटते, ते बाजारपेठेत शिरतं. २०१९ साली तर एकाच पावसाळ्यात हे पुन्हा पुन्हा झालं. मशीन टेबलावर, टेबल लाकडी पेट्यांवर आणि वर मी, हातात ओल्या असाइनमेंटचा गठ्ठा. सगळ्यात वरचा प्रश्न, ‘पुराची कारणे व उपाययोजना लिहा. उशिरा आलेले गृहपाठ स्वीकारले जाणार नाहीत.’

त्याच दिवसांत वाणिज्यवाल्यांचा बँक जुळवणी पत्रकाचा गृहपाठ असतो: रोकड वहीची शिल्लक आणि पासबुकाची शिल्लक का जुळत नाही, कारणे द्या. धनादेश वटला नाही, बँकेने कमिशन कापलं, अशी पुस्तकी कारणं. आमच्या पोरांनी एकमताने एकच कारण दिलं: लिंक नाही.

मुक्त विद्यापीठवाल्यांची गडबड कमी असते. इग्नूचा मात्र दंडक आहे, असाइनमेंट स्वतःच्या हस्ताक्षरात पाहिजे. एक हरियाणाचा जवान गस्तीवरून येऊन माझ्या बाकावर बसून लिहायचा. गांधी आणि शांतता अभ्यासात एमए करत होता. मांडीवर रायफल, रायफलीवर फाइल, फाइलवर कागद, आणि कागदावर प्रश्न, ‘अहिंसेच्या संकल्पनेचे चिकित्सक परीक्षण करा’. दर अर्ध्या तासाला विचारायचा, “भाईसाब, और कितना लिखूँ?” मी म्हणायचो, “चिकित्सक है, चार पन्ना तो होना.”

आता नव्या शैक्षणिक धोरणाने ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ आणली आहे. पोरांना गृहपाठ मिळतो, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून पारंपरिक ज्ञान लिहून आणा. दीड रुपयेवाली पोरगी एक दिवस आजीला घेऊन आली. आजीचं ई-केवायसी माझ्याकडे होतं. अंगठ्याचं मशीन आजीचा अंगठा ओळखत नव्हतं, त्यात नेट गोल फिरत होतं. तेवढ्या वेळात पोरीने वही काढली आणि माडियातून प्रश्न टाकला, मोहफुलं साठवायची पद्धत कोणती? आजीने उलट बरंच काही विचारलं. पोरगी मला मराठीतून सांगत होती.

“आजी विचारते, हे कोणाला पाहिजे?”

“सरांना, सांग.”

“आजी म्हणते, सराने मोह आणला का घरी?”

“नाही.”

“मग त्याला ठाऊक नाही का कसा ठेवतात?”

“ठाऊक आहे, आजी. तुझ्या नातीला ठाऊक आहे का ते बघतात.”

हे माडियात गेलं आणि आजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. माझ्या डोक्यात काही बिघाड आहे का, याचा अंदाज घेत असावी. मग तिने निकाल दिला: सराला ठाऊक आहे तर त्याने विचारू नये, ठाऊक नाही तर स्वतः यावं, पोरीला मध्ये घालू नये.

लुरिया नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञावर हीच पाळी आली होती, हे मला एका बीएडच्या झेरॉक्समुळे ठाऊक आहे. १९३१-३२ साली तो उझबेकिस्तानात शेतकऱ्यांना कोडी घालत फिरला. दूर उत्तरेला बर्फात सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक ठिकाण उत्तरेला आहे, तर तिथलं अस्वल कोणत्या रंगाचं? शेतकरी म्हणाले, आम्ही तिकडे गेलो नाही, जो गेला त्याला विचारा. लुरियाने त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते अभ्यासक्रमाला लागलं. शेतकऱ्यांना किती गुण दिले ते त्या झेरॉक्समध्ये नव्हतं.

आमच्या आजीने मात्र गुणांचं विचारलं.

“आजी म्हणते, सांगणार मी, आणि मार्क कोणाला?”

“मला,” पोरगी आपलं आपणच बोलून गेली आणि तिथेच अडकली. पुढचा सौदा माडियात झाला. मला आकडे तेवढे कळले, कारण बोटं वर होत होती. शेवटी असं ठरलं की पडतील त्यातले निम्मे आजीचे; मार्क आजीच्या काही कामाचे नाहीत, म्हणून मार्कामागे एक तंबाखूची पुडी. मग आजीने सांगायला सुरुवात केली आणि पोरीची तीन पानं भरली.

आठवड्याने पोरगी पुन्हा आली. सरांनी शेरा मारला होता, ‘संदर्भसूची जोडा, किमान दोन.’

“कशी लिहायची, भाऊ?”

“आडनाव, मग नाव, प्रकाशक, गाव, आवृत्ती, वर्ष.”

तिने आजीचं आडनाव, नाव लिहिलं. प्रकाशक: स्वतः. आवृत्ती: पहिली. वर्षाला थांबली. आजीच्या आधारवर इथल्या अर्ध्या म्हाताऱ्या माणसांसारखीच १ जानेवारी ही तारीख आहे. तेच साल टाकलं.

“दुसरा संदर्भ?”

“आजीची बहीण आहे कोठीला,” पोरगी म्हणाली. “पण ती म्हणते, आजीला मोहातलं काही कळत नाही.”

“मग तिला टाकच. साधक-बाधक चर्चा झाली.”

दहापैकी आठ पडले. ती उड्या मारतच झेरॉक्स काढायला आली आणि निघताना दारात थांबून म्हणाली, “भाऊ, आजीने विचारलं तर सहा सांगा.”

त्याच दुपारी आजी आली. अंगठा अजून लागायचा होता. मशीनवर अंगठा टेकवून, नेट फिरत असताना, तिने दुसऱ्या हाताची बोटं पसरली आणि भुवया वर केल्या: किती? मी सहा बोटं दाखवली. आजी हसली, पोरीच्या वहीचं झेरॉक्स केलेलं पान कमरेच्या गाठीतून काढून काउंटरवर ठेवलं आणि लाल पेनातल्या आठावर बोट ठेवलं. मग म्हणाली, याच्या दोन प्रती काढ, दीड रुपयाने.