टिचकी मारून पाहावी

पावर हाउसच्या चौकात चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच शेजारच्या बाकावरच्या पोराने माझ्या नाकासमोर मोबाइल धरला. "काका, देखो, आर्माडिलो! जंगल साइड में निकला है."

पाऊण मिनिटाचा व्हिडिओ. रात्रीची वेळ, शेताचा बांध, टॉर्चचा उजेड, पंचवीस-तीस पाय आणि मधोमध एक खवल्यांचा गोळा. गमछावाला एक गृहस्थ उकिडवा बसतो, गोळ्यावर टिचकी मारतो, कान खाली नेतो. मग गर्दीकडे बघून मान डोलावतो.

मान डोलावतो!

आधी नावाचं उरकून टाकू. आर्माडिलो अमेरिका खंडाबाहेर रानात कुठेही राहत नाही. त्याचं चिलखत हाडाचं. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात ब्राझीलने ज्याला शुभंकर केलं, तो. आपल्याकडचं हे खवले मांजर. आमच्या छत्तीसगडात त्याला सालखपरी म्हणतात. मराठी नावात मांजर कुठून आलं म्हणून लहानपणी आम्ही आजीला हसायचो. आता शास्त्रज्ञ सांगतात की त्याचं जवळचं नातं कुत्र्या-मांजरांच्या गोतावळ्याशी आहे, आर्माडिलोशी नाही. म्हणजे आजी बरोबर होती, मोबाइल चुकला.

आर्माडिलोला निदान एक संरक्षण आहे. अमेरिकेत डॉक्टर सांगतात, बाबांनो, हात लावू नका, त्याच्या अंगात कुष्ठरोगाचे जंतू असू शकतात. २०११ साली संशोधकांनी दाखवलं की तिथल्या दक्षिण भागातल्या कित्येक रुग्णांतले आणि आर्माडिलोंतले जंतू एकाच वाणाचे आहेत. आर्माडिलोंतले हे जंतू त्या खंडात मुळात नव्हते, समुद्रापलीकडून माणसांनीच नेले. आधी हात कुणी कुणाला लावला, हे आर्माडिलोला कुणी विचारलेलं नाही.

पण माझा मुद्दा ती टिचकी. त्या माणसाला नेमका कोणता आवाज ऐकायचा होता? पावर हाउसच्या बाजारात चैत्रात मडकी मांडली की आम्हीही टिचकी मारतो. टण्ण वाजलं तर पक्कं भाजलेलं, बद्द वाजलं तर तडा. कलिंगड थापटतो, नारळ कानाशी धरून हलवतो, रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या आमच्या गावात वाजवून बघणं रक्तातच असायचं. पण खवले मांजर बद्द वाजलं तर काय, बदलून मागणार? "भैया, दुसरा दिखाओ, यह थोड़ा कच्चा है"? आणि टण्ण वाजलं तर भाव ठरवणार? शिवाय टिचकी मारताना कोण कुणावर आपटलं, तेही बघा. खवला केराटिनचा, आपलं नख केराटिनचंच. म्हणजे त्या गृहस्थाने आपल्या नखाने दुसऱ्याच्या नखावर मारलं आणि रहस्य उलगडल्यासारखी मान डोलावली. याच नखांनी भरलेली पोती औषध म्हणून परदेशी जातात. हातांना दहा आणि पायांना दहा असा माल जन्मापासून स्वतःकडे असताना माणूस रानात वारुळं हुडकत फिरतो, कारण स्वतःचं नख चाटून गुण येत नाही हे त्याला ठाऊक आहे.

बरं, ते जनावर करतं तरी काय? काही नाही. त्याला दातच नाहीत. चावणार कशाने? घाबरलं की डोकं पोटाशी घेऊन गुंडाळी करतं. बिबट्याने पंजा मारला तरी ती सहसा उलगडत नाही. कोट्यवधी वर्षांत घडलेली ही युक्ती, आणि तिच्यात एकच खोट निघाली: गुंडाळी झाली की दोन पायांच्या प्राण्याला उचलायला सोपं जातं. हँडल नसलेली पिशवी. घातली पोत्यात, टाकली मोटरसायकलवर! १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. नुसतं पकडणं ही कायद्याने शिकारच, तीन ते सात वर्षं आत आणि वर किमान पंचवीस हजारांचा दंड. वाघाला टिचकी मारून बघा ना एकदा, मग कान खाली न्या! वाघासमोर सगळ्यांना कायदा पाठ असतो. जो चावत नाही त्याच्यासमोरच आमचं कुतूहल जागं होतं, आणि त्याला आम्ही भूतदयेने 'रेस्क्यू' म्हणतो, शेपटीला धरून, फोटोपुरतं उचलून, पाच जणांच्या हातून फिरवून. माता एका वेळी बहुधा एकच पिल्लू घालते, ते शेपटीवर बसवून फिरते. ती शेपटी, भल्या माणसा, पकडायचा दांडा नाही!

याउलट चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने २०२० साली खवलोत्सव केला आणि खवले मांजराची प्रतिकृती पालखीत घालून मिरवली. गावभर लोकांनी हात जोडले. जोडलेल्या हातांनी टिचकी मारता येत नाही, एवढं साधं तंत्र.

आता माझं खाजगी दुखणं. हे जनावर मुंग्या खातं आणि वाळवी खातं, हातभर म्हणावी अशी लांब चिकट जीभ वारुळात घालून. आणि माझ्या घराच्या पुढच्या दाराच्या चौकटीला वाळवी आहे. तीन वर्षं आहे. एक इसम येतो. तो काय करतो? चौकटीवर टिचकी मारतो. कान लावतो. मान डोलावतो. "काका, अंदर से खोखला है." ते मलाही ठाऊक आहे, म्हणून तर बोलावलं! मग पिचकारीने काहीतरी मारतो, पैसे घेतो, पावती देत नाही, आणि सहा महिन्यांनी त्याच चौकटीवर त्याच बोटाने त्याच जागी टिचकी. गेल्या खेपेला दारही बदला म्हणाला. रानात हे काम फुकट करणारा कारागीर पोत्यात, आणि माझ्या दारात टिचकीबहाद्दर.

पोराने व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी शेवटपर्यंत पाहिला. टॉर्च जरा बाजूला झाली तेव्हा गोळा थोडा सैल झाला, खालून एक ओलं, लांबट नाक बाहेर आलं आणि हवेत दोनदा हललं. गमछावाल्याचं बोट पुन्हा वाकलं.

"काका, इसका पार्ट टू भी है," पोरगा म्हणाला.