भांडणाची शिकवणी

संध्याकाळी ७ वाजता, म्हणजे तैपेईत साडेनऊला, मी एका चिनीभाषक बाईंना इंग्रजीत भांडायला शिकवतो. घरात माझं मराठीतलंही कोणी ऐकून घेत नाही, तो भाग वेगळा.

पहिल्याच दिवशी मी सांगून बसलो की 'आर्ग्युमेंट' म्हणजे भांडण. पुढच्या आठवड्यात निबंध दिला : आपल्या मताच्या बाजूने तीन चांगली आर्ग्युमेंट्स लिहा. बाईंनी नवरा, सासू आणि घरमालक यांच्याशी झालेली लिहून पाठवली. तिन्ही चांगली होती. चिनीत आवाज चढवून होतं ते 'छाओज्या' आणि मुद्द्यांनी होतो तो 'जंगलुन'. इंग्रज दोन्ही एकाच शब्दात उरकतो. काटकसरी म्हणावा, तर 'रो' हा शब्द रांग असेल तेव्हा 'रो' वाचायचा आणि भांडण असेल तेव्हा 'राउ'. पुढे समेट करायचा तर 'मेक अप'. बाईंनी विचारलं, आधी कोणी लावायचा?

'तुम्हाला हे पटत नाही का?' असं इंग्रजीत विचारलं की त्या 'येस' म्हणतात. म्हणजे, हो, नाही पटत. आपणही तसंच म्हणतो, त्यामुळे मला लगेच कळतं. पण मला पैसे मिळतात ते न कळल्याचे.

नवऱ्याशी खटका उडाला की त्या लिहितात, 'आमच्यात कॉन्ट्रॅडिक्शन आहे.' मी ते खोडलं. त्यावर त्यांनी मला इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला हान फेई ऐकवला. त्याच्या गोष्टीतला दुकानदार म्हणतो, माझा भाला काहीही भेदतो आणि माझी ढाल कशानेच भेदली जात नाही. गिऱ्हाईक विचारतं, याच भाल्याने हीच ढाल भोसकली तर? तेव्हापासून 'माओदुन', म्हणजे भाला-ढाल, हा शब्द चिनीत विसंगतीलाही चालतो आणि नवरा-बायकोच्या खटक्यालाही. खोडलेलं मी पुन्हा लिहिलं नाही. मास्तरकीला काही अब्रू असते.

मागच्या तासाला 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' शिकवलं. समोरच्याचा पाणउतारा करण्याआधी हे म्हणायचं, एवढंच सांगितलं. बाईंनी वहीत टिपून घेतलं, वर पाहिलं आणि म्हणाल्या, विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट, तुम्ही आज ७ मिनिटं उशिरा आलात, तेवढे पैसे कापते. उच्चार स्वच्छ, व्याकरण बिनचूक. मला हुज्जत घालायची होती. तिला नेमका इंग्रजी शब्द आठवेपर्यंत तास संपला.