पिवळ्या दिव्याचे काका

नवी मुंबई आखताना सिडकोने 1970 पासून पुष्कळ गोष्टींचा विचार केला. नोड पाडले, नोडांचे सेक्टर केले, वाशी-बेलापूरच्या स्टेशनांच्या डोक्यावर ऑफिसं चढवली. प्रत्येक सोसायटीच्या स्टिल्टमध्ये एक गाडीतज्ज्ञ काका हवेत अशी नोंद मात्र कुठल्याच नकाशावर नाही. तरी ते असतात. कोपरखैरण्यात असतात, सानपाड्यात असतात, खारघरला तर विंगगणिक असतात. आमच्या नेरुळच्या काकांना सगळे स्कॅनरकाका म्हणतात. त्यांचं पाळण्यातलं नाव सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलावर तेवढं उरलंय.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत मेन्टेनन्सला नोकरी करून काका निवृत्त झाले. कंपनीतले पंप, व्हॉल्व्ह आणि गेज सुटले, पण हात शिवशिवायचे राहिले नाहीत. रात्री साडेनऊला जेवण उरकून, सेफ्टी वीकमध्ये मिळालेला टीशर्ट आणि बर्म्युडा घालून ते खाली उतरतात. एका खिशात टॉर्च, दुसऱ्या खिशात बोटभर लांबीचं निळं प्लास्टिकचं यंत्र. काहीशे रुपयांचं. स्टिअरिंगखाली गुडघ्याच्या वर सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात ते खुपसायचं आणि मोबाइलला जोडायचं. मग गाडी बोलायला लागते. आपल्याकडे ही सोय गाड्यांना 2010 नंतर टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. काकांच्या मते तोपर्यंत देशात मेकॅनिक नव्हते, ज्योतिषी होते.

पण काका यंत्र लगेच बाहेर काढत नाहीत. आधी माणूस बघतात.

"दिवा कुठला?"

इथेच निम्मे लोक गारद होतात. इंजिनच्या चित्राला आमच्याकडे कुणी किटली म्हणतं, कुणी पाणबुडी, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी हेलिकॉप्टर म्हणतात. ऑइलचं चिन्ह सगळ्यांना अल्लादीनचा दिवा म्हणून पाठ आहे. हीटर प्लगच्या गुंडाळीला स्प्रिंग म्हणतात, आणि ती लागली की सस्पेन्शन गेलं अशी एका गृहस्थांची पक्की समजूत होती. नेरुळच्या उकाड्यात ती स्प्रिंग चावी फिरवल्यावर क्षणभर दिसते आणि जाते. सुरू गाडीत ती लुकलुकत राहिली तर काही गाड्यांमध्ये तिचा थंडीशी संबंध नसतो, इंजिनची दुसरीच कुठली तरी तक्रार ती सांगत असते.

"लाल की पिवळा?" हा दुसरा प्रश्न. अल्लादीनचा दिवा चालत्या गाडीत लाल लागला की ऑइलचं प्रेशर गेलं. गाडी जागच्या जागी बंद करायची, तशीच वाशीपर्यंत नेली तर पुढे इंजिन नेण्याजोगं राहत नाही. लाल दिव्याच्या माणसाशी काका एक वाक्य बोलतात आणि टोइंगवाल्याचा नंबर देतात. पिवळा असेल तर काका खुर्ची मागवतात.

मग उलटतपासणी. कधीपासून? स्थिर की लुकलुकता? पिकअप जातो का? धूर काळा की पांढरा? डिझेल कुठे भरलं? आणि हळूच, वहिनी बाजूला उभ्या असताना, "गाडी कोण चालवत होतं?"

लोकांना एक गोष्ट ठाऊक नसते. बिघाड नोंदला गेला त्या क्षणाचा वेग, इंजिनचे फेरे आणि तापमान गाडी जपून ठेवते. आमच्या बी विंगमधले एक साहेब म्हणाले, "सावकाशच होतो काका. साठ-सत्तर." काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "वेग 118. इंजिन सुरू होऊन 11 मिनिटं. कुलंट पुरतं तापलेलं." मग छताकडे बघत म्हणाले, "आपल्या गेटपासून 11 मिनिटांच्या आत 118 जाईल असा रस्ता एकच आहे."

"पाम बीच," वहिनी म्हणाल्या.

त्या बिघाडाचं पुढे काय झालं, आम्हाला कळलं नाही. साहेब आता लोकलने जातात.

काकांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात आहे: कोड ही तक्रार आहे, निकाल नाही. स्क्रीनवर पी 0401 उमटलं की गॅरेजवाला म्हणतो, ईजीआर वाल्व गेला, बदला, आणि पाच आकडी खर्च सांगतो. काका म्हणतात, "वाल्व गेला असं त्यात कुठं लिहिलंय? धुराचा प्रवाह कमी पडतोय एवढंच लिहिलंय. का कमी पडतोय, हे विचारायला नको?" मग स्पष्टीकरण येतं, ते ऐकावंच लागतं. इंजिनने टाकलेला थोडा धूर परत त्यालाच प्यायला द्यायचा, त्याने ज्वलन जरा थंड होतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी निघतात. गावाची हवा सुधारते, इंजिनच्या नरड्यात मात्र काजळी आणि तेलाच्या वाफेचा काळा थर बसतो. त्यात आमची मंडळी डिझेल गाडी घेऊन सेक्टर दहातून सेक्टर सहात भाजी आणायला जाणार. इंजिन तापायच्या आत कोथिंबीर घरी. थर बसेल नाही तर काय? कधी थरही नसतो, व्हॅक्यूमची नळी चिरलेली असते. कधी नळी असते, पण तिचं टोक उंदराच्या पोटात असतं.

उंदरांवर काकांचा स्वतंत्र अभ्यास आहे. पाऊस लागला की आमच्याकडचे उंदीर गटारातून निघून कोमट बोनेटखाली राहायला येतात. लोक डांबराच्या गोळ्या ठेवतात, तंबाखूच्या पुड्या बांधतात, एकाने अगरबत्ती लावून ठेवली होती, तीही डिझेलच्या नळ्यांशेजारी. काकांनी ती विझवली आणि त्या माणसाशी महिनाभर बोलले नाहीत. त्यांचा स्वतःचा उपाय एवढाच, की गाडी रोज हलवा आणि बोनेट उघडून बघा. हा उपाय फुकट असल्यामुळे कुणी करत नाही.

पावसाळ्यातलाच दुसरा मानाचा दिवा म्हणजे फिल्टरात पाणी आल्याचा. एका तरुण जोडप्याला कुणी तरी पंप, नोझल, टाकी, सगळं उतरवावं लागेल म्हणून घाबरवून सोडलं होतं. काका काकूंची मुरांब्याची रिकामी बरणी घेऊन खाली आले. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला, बरणी खाली धरली. थोड्या वेळाने बरणीत दोन मजले दिसायला लागले, वर पिवळसर डिझेल आणि खाली पाणी. पाणी जड, ते तळाशीच बसणार. स्क्रू आवळला, हवा काढली, दिवा गेला. पुढचा आठवडाभर ती बरणी वॉचमनच्या टेबलावर प्रदर्शनात होती. काकूंना ती परत नको होती.

ब्रेकच्या पेडलमागच्या छोट्या स्विचचीही एक गोष्ट आहे. त्या स्विचमधून इंजिनच्या कॉम्प्युटरला दोन निरोप जातात आणि दोघांचं पटलं नाही की इंजिनचा दिवा लागतो. म्हणजे इंजिन ठणठणीत आणि दिवा इंजिनचा. हे प्रकरण काकांना फार आवडतं. मूळ कारण भलतीकडेच निघालं की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते नातवंडांच्या निकालाच्या दिवशीही मी पाहिलेलं नाही.

काकांचा सुवर्णकाळ म्हणजे 2012च्या आसपासची वर्षं. पेट्रोल-डिझेलच्या भावात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता आणि ज्याला त्याला डिझेलच हवं होतं. काका तेव्हा नोकरीत होते, तरी रविवार भरलेला असे. पार्किंगच्या एका रांगेतली बोनेटं उघडली, तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या बिल्ल्यांखाली फियाटचं तेच 1248 सीसीचं इंजिन. फियाट त्याला मल्टिजेट म्हणे, मारुती डीडीआयएस, टाटा क्वाड्राजेट. मारुतीचं मानेसरला बनायचं, फियाट-टाटांचं आपल्या रांजणगावला. देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे त्याला. "रांजणगावला गणपती आहे आणि हे इंजिन होतं," काका सांगतात, आणि दोन्हींसाठी सारखेच हात जोडतात. एप्रिल 2020 मध्ये बीएस-सहा आलं, मारुतीने डिझेलच सोडलं. आता नवीन येणारा सीएनजीवर नाही तर विजेवर येतो. सेक्रेटरींच्या विजेच्या गाडीकडे काकांनी वर्षभर पाठ केली होती. एका सकाळी ती जागची हलेना, दारही उघडेना. एवढी मोठी बॅटरी पोटात असून आतली बारा व्होल्टची साधी बॅटरी उतरली होती. काका जंपर केबल घेऊन आले आणि जाताना एवढंच म्हणाले, "प्रगती आहे."

बीएस-सहाच्या ज्या थोड्या छोट्या डिझेल गाड्या आमच्याकडे आहेत, त्यांचा दिवा निराळा. सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा फिल्टर असतो. गाडी वीसेक मिनिटं एका चालीत, साठच्या वर पळाली की त्यात साचलेली काजळी जळून जाते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला ते भाग्य नाही, मग दिवा लागतो. काका अशांना रस्ता लिहून देतात. पाम बीचवर मोराज सर्कल आणि किल्ला जंक्शनचे सिग्नल आडवे येतात, म्हणून तो बाद. अटल सेतू 21.8 किलोमीटर सलग आहे, पण एका बाजूचे 250 रुपये काजळीपायी घालवणं काकांच्या तत्त्वात बसत नाही. राहता राहिला कळंबोलीहून एक्सप्रेस वे, खालापूरच्या टोलपर्यंत. तिथवर गेलेलं कुटुंब फूड मॉलला बटाटेवडे खाऊन येतं, पुढच्या वेळी वहिनीच विचारतात, "अहो, दिवा कधी लागायचा?"

काकांची स्वतःची गाडी 2003 ची इंडिका आहे, 1405 सीसी, फेरनोंदणी केलेली. तिला ते सॉकेटच नाही. दिवे मोजून चार. ती बिघडली की काका कान लावतात, वास घेतात आणि तिला नावाने हाक मारतात. यंत्राचा विषय काढला तर म्हणतात, "हिला विचारावं लागत नाही."

आता मुद्द्याचं. काका कुणाचाही दिवा नुसता पुसून देत नाहीत. यंत्रात त्यासाठी एकच बटण असतं आणि सगळ्यांना तेवढंच हवं असतं. सी विंगमधल्या एका शेजाऱ्यांना गाडी विकायची होती, रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. "काका, तेवढा दिवा घालवा की. पुढचं पुढे." काका म्हणाले, "दिवा घालवतो. आधी कारण घालवू." तीन रात्री शेजाऱ्यांना टॉर्च धरून उभं राहावं लागलं. ईजीआर खोलला, वाल्व रात्रभर डिझेलमध्ये भिजवला, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासला. मग कोड पुसला. दिवा आला नाही.

रविवारी कामोठ्याहून गिऱ्हाईक आलं. बरोबर त्याचे काका होते. बर्म्युडा, खिशात टॉर्च, तसंच यंत्र, फक्त काळं. आमच्या काकांनी आपला हात खिशात घातला.

कामोठ्याच्या काकांनी गाडी सुरू न करता नुसती चावी फिरवली. सगळे दिवे लागले, इंजिनचाही. "बल्ब काढलेला नाही," ते पुटपुटले. मग यंत्र लावलं. "कोड नाही. पण पुसून किती किलोमीटर झालेत बघू... 64." त्यांनी मान वर केली. "चौसष्टच?"

शेजाऱ्यांच्या कपाळावर घाम आला. आमचे काका पुढे झाले. "ईजीआर होता. साफ केल्यावर मी पुसला."

"स्प्रे मारून?"

"काढून."

"काढून?"

काकांनी मोबाइलमधले फोटो दाखवले, आधीचे आणि नंतरचे. कामोठ्याच्या काकांनी ते दोन बोटांनी मोठे करून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "काम स्वच्छ आहे. पण एवढा उपद्व्याप कशाला? मी सरळ पत्रा टाकून बंद करतो. कटकटच नको."

"पत्रा?" आमच्या काकांचा आवाज स्टिल्टमध्ये घुमला. "धूर कोण पिणार मग? आपण?"

"तीन गाड्यांना टाकलाय. पिकअप बघा म्हणावं."

"दिवा लागत नाही?"

"कोण म्हणतं लागतो?"

"मी म्हणतो."

"चला. माझी गाडी बाहेरच आहे. दाखवतोच."

दोघे निघाले. गेटबाहेर एक डिझेल इंजिन टकटकलं आणि पाम बीचच्या दिशेने गेलं. इकडे शेजारी आणि गिऱ्हाईक एकमेकांकडे बघत उभे राहिले. काका नसल्यामुळे दहा मिनिटांत भाव ठरला आणि बयाणाही देऊन झाला. तासभर झाला तरी दोन्ही काकांपैकी कुणी फोन उचलेना. शेवटी शेजाऱ्यांनी गिऱ्हाइकाला त्याच गाडीतून नेरुळ स्टेशनला सोडलं आणि तो पनवेल लोकल पकडून मानसरोवरला उतरला.