गॅरेजातला ओतारी

शिकागोच्या उपनगरात ऐन हिवाळ्यात एखाद्या घरापुढे गाडी बर्फात गारठत उभी असेल आणि गॅरेजच्या दाराखालून मात्र उजेड येत असेल, तर आत दोनपैकी एक गोष्ट चालू आहे असं खुशाल समजावं. एक तर घरच्या मुलानं बँड काढलाय, नाही तर घरच्या कर्त्याला ओतकामाचा नाद लागलाय. बँडवाली मुलं यथावकाश कॉलेजला जातात आणि शेजाऱ्यांची सुटका होते. ओतकामवाला कुठेही जात नाही.

हा गृहस्थ साठीच्या अलीकडे-पलीकडे असतो. उभी नोकरी विमा, हिशेब असल्या बिनआवाजाच्या खात्यात गेलेली. एक भुवई दुसरीपेक्षा विरळ. भर उन्हाळ्यात पायात चामड्याचे जाड बूट आणि अंगात सुती शर्ट, कारण वितळलेल्या धातूचा थेंब पडला तर नायलॉन कातडीला चिकटतं, हे ज्ञान त्याला एकदा पोळून झालेलं असतं.

सुरुवात अगदी निरागसपणे होते. कुठल्याशा लिलावात तो नाण्यावर चालणारं एक जुनं यंत्र उचलतो. तीन चाकं, बाजूला दांडा, नाणं टाका नि ओढा. बव्हेरियातून आलेल्या चार्ल्स फे यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत असलं यंत्र बनवलं, पण त्याचा पूर देशभर सोडला तो शिकागोनं. मिल्स, जेनिंग्ज, वॉटलिंग हे सगळे कारखानदार इथलेच. जुगाराला बंदी आली तेव्हा या मंडळींनी यंत्रातून च्युइंगगम द्यायला सुरुवात केली. आम्ही गम विकतो हो, जुगार कसला! चाकांवरची चेरी, लिंबू, प्लम ही त्या गमच्या स्वादांची फळं. हा इतिहास आमचा गृहस्थ अशा अभिमानानं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, याचे आजोबा स्वातंत्र्यलढ्यात होते.

यंत्र घरी येतं आणि कळतं की आतला एक भाग मोडलेला आहे. तो मिळत नाही, आणि न मिळण्याला राष्ट्रीय कारणं आहेत. १९३४ साली न्यूयॉर्कचे महापौर लाग्वार्डिया यांनी स्वतः घण उचलून जप्त केलेली यंत्रं फोडली, छायाचित्रकारांसमोर फोडली, आणि मग ती पाण्यात बुडवली. १९५१ साली जॉन्सन कायद्यानं जुगाराची यंत्रं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवण्यावर बंधनं आणली. पुढे काही राज्यांनी पंचवीस वर्षांहून जुनी यंत्रं हौसेखातर घरी ठेवायला मुभा दिली, तोवर बरीच यंत्रं मोडीत गेली होती. लाग्वार्डियांचं नाव निघालं की आमच्या गृहस्थाचा चेहरा असा होतो, जणू महापौरांनी त्याच्याच गॅरेजात शिरून घण घातला.

जी यंत्रं घणातून वाचली त्यांना जस्तानं गाठलं. त्या काळी स्वस्तातले भाग जस्ताच्या मिश्रधातूत ओतत. त्यात शिशाची जराशी भेसळ राहिली तरी धातू आतून पोखरला जातो. फुगतो, तडकतो आणि एक दिवस बोटांत भुगा होतो. १९२९ साली शुद्ध जस्त वापरून केलेला झामॅक नावाचा मिश्रधातू निघाला आणि हे दुखणं हळूहळू आटोक्यात आलं. पण आमच्या गृहस्थाकडचा भाग नेमका त्याआधीचा असतो. असायचाच.

मग पुस्तक येतं. मिझुरीतल्या डेव्हिड गिंगरी यांनी १९८० च्या सुमारास भंगारातून घरच्या घरी वर्कशॉप कसं उभारावं यावर पुस्तकांची माळ लिहिली. पहिलं पुस्तक कोळशाच्या भट्टीचं, आणि त्या भट्टीत ओतलेल्या भागांतून पुढे चक्क लेथ. एका नाण्याच्या यंत्रासाठी घेतलेलं पुस्तक माणसाला लेथपर्यंत नेऊन सोडतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हिशेब इथे फार सौम्य वाटतो.

भट्टी पत्र्याच्या बादलीत उभी राहते. हवा मारायला बायकोचा केस वाळवायचा ड्रायर जातो. साच्याचे दोन भाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून नातवंडाची टाल्कम पावडर. उरलेल्या धातूच्या वड्या पाडायला मफिनचा साचा, आणि त्यानंतर त्या घरात मफिन होत नाहीत. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती लागते. ती स्वस्तात कुठे मिळते, तर मांजराच्या शौचपेटीसाठी विकतात त्या पोत्यांत. घरात मांजर औषधालाही नसताना पोती मात्र येत राहतात. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा तर ठाम समज आहे की या माणसानं तळघरात वाघ पाळलाय.

यानंतर जगाकडे बघायची त्याची दृष्टीच बदलते. वस्तू किती सुंदर, किती महाग, याच्याशी त्याला कर्तव्य उरत नाही. ती किती अंशांवर वितळेल एवढंच तो बघतो. अ‍ॅल्युमिनियम ६६० सेल्सियस, जस्त ४२०. भंगारातले गाडीचे पिस्टन दिसले की डोळ्यांत पाणी येतं. शीतपेयांच्या डब्यांना तो तुच्छ लेखतो, कारण त्यांतून धातूपेक्षा मळीच जास्त निघते. आम्ही त्याचे शेजारी. लग्नात आलेली पितळी समई आम्ही दिवाणखान्यात ठेवली होती. ती हातात घेऊन त्यानं तिचं वजन पाहिलं, तेव्हापासून ती आमच्या कपाटात असते.

या माणसाला आकुंचनाबद्दल विचारू नये. विचारलंत तर रात्रीचं जेवण हुकलं म्हणून समजा. अ‍ॅल्युमिनियम थिजून गार होताना शेकडा सव्वाच्या आसपास आखडतं. म्हणजे मोडका भाग चिकटवून त्यावरूनच साचा घेतला, तर दहा सेंटिमीटरला सव्वा मिलिमीटर कमी भरणार. इकडे पाच सेंटचं नाणं २१.२ मिलिमीटरचं. ते काही आखडत नाही. त्याच्या पहिल्या ओतीतला नाण्याचा गळा इतका अरुंद निघाला की नाणं आत अडकलं, आणि ते काढायला गळा कापावा लागला. आता तो मूळ भागाला आधी आखडण्याच्या हिशेबानं फुगवून घेतो आणि मग साचा घेतो.

त्या दिवसांत मामा आमच्याकडे आले होते. मामांची हयात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे भाग ओतण्यात गेली. आम्ही त्यांना शिकागोतल्या उंच इमारती दाखवल्या. मामा "हां" म्हणाले. सरोवर दाखवलं. परत "हां". शेजारच्या गॅरेजातून तापल्या वाळूचा वास आला तेव्हा मात्र मामा ताडकन उठले.

"फौंड्री हाय की रं हितं!"

मामांचं इंग्रजी पॅटर्न, कोअर, रायझर, ब्लोहोल आणि रिजेक्ट एवढ्या पाच शब्दांचं. गॅरेजात सहावा लागला नाही. मामांनी मूठभर वाळू उचलली, आवळली, मूठ उघडली आणि गोळा दोन बोटांनी मोडून पाहिला.

"लई वली केलीया. वाफ धरंल, ब्लोहोल येतील. सांग त्याला."

मी सांगितलं. त्यानं लगबगीनं ओलावा मोजायचं यंत्र काढलं.

"बोटं कशाला दिल्यात देवानं?" मामा म्हणाले. हे मी भाषांतरित केलं नाही.

काँक्रीटच्या जमिनीवर त्यानं वाळूचा थर पसरला होता. काँक्रीटवर वितळलेला धातू सांडला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन ते फुटतं. तो थर बघून मामांनी पहिल्यांदा मान डोलावली. नवी वाळू मळली गेली, मूस बाहेर आली, मळी काढली, रस ओतला. जन्मभर धगधगतं लोखंड बघितलेल्या मामांना अ‍ॅल्युमिनियमचं काही कौतुक वाटलं नाही. "ह्ये तर दूध तापवल्यागत दिसतंय," एवढंच म्हणाले. पण साचा फोडल्यावर भाग निघाला तो बिनछिद्र. मामांनी तो नखानं वाजवून ऐकला.

"ह्यो पार्ट कशाचा म्हनं?"

"जुगाराच्या मशिनचा, मामा."

"त्यात जितनार कोन?"

"बहुतेक मशिनच."

"मग दुरुस्त कशाला करतोय?"

हा प्रश्न मी जसाच्या तसा पोचवला. गृहस्थानं बराच वेळ विचार केला, हातातली कानस खाली ठेवली आणि म्हणाला, "चालावं म्हणून."

"बराबर हाय," मामा म्हणाले.

त्या भागाच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्याची आद्याक्षरं आणि साल उमटलेलं होतं. या बाजारात नव्या ओतीला जुनाट रंग चढवून अस्सल म्हणून खपवणारे पुष्कळ आहेत. उद्या आपल्या माघारी यंत्र विकलं गेलं तर घेणाऱ्याची फसगत होऊ नये, म्हणून हा प्रत्येक ओतीवर नाव घालतो. गिऱ्हाइकाला नागवण्यासाठीच जन्माला आलेल्या यंत्रात आज एकच भाग प्रामाणिक आहे, आणि तो आमच्या शेजाऱ्यानं बसवलेला आहे.

यंत्र आता चालतं. प्रत्येक चाकावर वीस चित्रं, तीन चाकांच्या मिळून आठ हजार जुळण्या, आणि त्यांतल्या किती पैसे देतात हे त्याला तोंडपाठ. तरी तो रोज संध्याकाळी नाणी टाकतो, हरतो, मागचं दार उघडून तीच नाणी काढतो आणि पुन्हा हरतो. त्याच्याइतका समाधानी जुगारी मी पाहिलेला नाही.

असा कुणी तुमच्या शेजारी राहायला आला तर भिऊ नका. भट्टी पेटलेली असताना पाण्याची बाटली घेऊन जवळ जाऊ नका, नायलॉनचे कपडे घालू नका, पितळेची भांडी नजरेआड ठेवा. आणि कृपा करून "हा भाग विकत मिळत नाही का हो?" असं तेवढं विचारू नका. पुष्कळदा मिळतो. त्यालाही ते ठाऊक असतं.