याचे सोबती कुठे गेले?

आमच्या बिल्डिंगमधल्या बाई रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण हात अजून बालवाडीतच आहेत. हळदीकुंकवाला आल्या, मी वाण आणायला आत गेले, तेवढ्यात बशीतल्या चिवड्यातले दाणे एकीकडे, खोबऱ्याचे काप दुसरीकडे! "याचे सोबती कुठे गेले?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. सुटा मोजा, एकटा चमचा, कोणालाही विचारतात. माझ्या बिनलग्नाच्या दिरालाही एकदा विचारून झालाय.

वसईहून त्यांच्याबरोबर लोकल पकडणं म्हणजे शिक्षा. "बोरिवलीवाल्या दाराशी, दादरवाल्या आत!" आणि बायका चक्क ऐकतात. मला तेवढ्या वेळात मान खाली घालून मोबाइल बघावा लागतो.

हे गट पाडायचं खूळ कोसबाडचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मॉन्टेसोरीची महागडी साधनं पाड्यांवर कुठून आणणार? मग बिया, खडे, शिंपले, पानं. बाई तिथेच शिकल्या, त्यामुळे आमच्या पार्किंगमध्ये शनिवारी पोरं जमली की पिशवीतून चिंचोके, बुचं, बटणं, शिंपले बाहेर पडतात. आधी फक्त रंग, मग आकार, मग दोन्ही एकदम. चुकलं म्हणायचं नाही, "असं का ठेवलंस?" एवढंच विचारायचं. (नवऱ्याने कपाट लावलं की मीही हेच विचारते, पण माझा सूर वेगळा असतो.)

परवा आमच्या मासळीवालीची पाच वर्षांची नात आली होती. बाकीच्यांनी लाल-पांढरं केलं. हिने सगळं मिसळून पाच सारखे ढीग घातले; प्रत्येकात थोडे चिंचोके, दोन बुचं आणि सगळ्यांत वर एक मोठा शिंपला.

बाईंच्या कपाळावर आठी. "असं का ठेवलंस गं?"

"वाटे घातलेत, बाई. मोठं वर ठेवायचं, बारीक खाली."

बाई गप्प. पस्तीस वर्षांत हा गट त्यांना सुचला नव्हता. मग पदर खोचून त्या पोरीसमोर उकिडव्या बसल्या.

"केवढ्याला वाटा?"

"शंभर."

"शंभर? वरचा शिंपला फुटलाय. साठ देईन."

"परवडत नाय, बाई. पुढे व्हा."