मूळ पगार किती, ते आधी बोला

‘ओमानमध्ये सुवर्णसंधी. निझवा शहर. मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह. अनुभवाची अट नाही. भरघोस कमाई.’ व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या असल्या जाहिरातींत सगळं असतं. नसतो तो पक्का पगार.

काम काय? दारोदार फिरून माल खपवायचा. खपला तर कमिशन, नाही खपला तर उपास. धंदा मालकाचा, जोखीम पोराची.

आता निझवा डोळ्यांपुढे आणा. मस्कतपासून सुमारे दीडशे किलोमीटर आत, डोंगरांच्या कुशीत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. दुपारी बाजार बंद. घरांना उंच भिंती, लोखंडी फाटकं. अरबीचा गंध नसलेला आपला बीकॉम पोरगा बेल वाजवून बोलणार काय?

माल खपणार नाही, हे पाठवणाऱ्यालाही कळतं. कमिशन असलं की त्याचं खापर पोराच्या डोक्यावर फोडता येतं.

पुण्यात असं काम मिळालं तर पोरगा चौथ्या दिवशी घरी येतो. तिकडे राहण्याचा परवाना मालकाशी बांधलेला. व्हिजिट व्हिसावर गेला असेल तर काम करणंच बेकायदा. मग तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

ओमानचा कायदा वाईट नाही. 2023 च्या कामगार कायद्यात दिवसाला 8 आणि आठवड्याला 40 तासांची मर्यादा आहे. पण 325 रियालचं किमान वेतन ओमानी नागरिकांपुरतं. परदेशी माणसाचा आधार एकच, करारातला आकडा.

आणि आकडाच लिहिला नसेल तर?

आणखी एक. 2018 मध्ये ओमानने 87 पदांसाठी परदेशी लोकांचे नवे व्हिसा थांबवले. विक्री-मार्केटिंगची पदंही त्यात होती. त्यांनाही स्वतःची पोरं कामाला लावायची आहेत. जाहिरातीतलं पद आणि व्हिसावरचं पद एकच आहे का, हे निघण्यापूर्वी किती जण वाचतात?

आता एजंट. आपल्या सरकारच्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटाला 30 हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. नोंदणी आहे की नाही, ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. तरी लाख-दीड लाख बिनपावतीचे मोजले जातात. त्यासाठी आईच्या गळ्यातलं गहाण पडतं.

‘पोरांनाच हाव सुटते,’ म्हणणारे शहाणे गावोगाव आहेत. हाव कसली? पदवी घेऊन घरी बसलेल्या पोराला नोकरी हवी असते. दोष फसणाऱ्याचा नाही, फसवणाऱ्याचा आहे.

म्हणून जाहिरात आली की तिथल्या तिथे विचारा. मूळ पगार किती? करारात लिहिलाय का? व्हिसावर पद कोणतं? उत्तराला टाळाटाळ झाली, तर पैसे देऊ नका आणि पासपोर्टही हातातून सोडू नका.