दोन गजांची प्रेमकथा

सावरगावात नाटकासाठी कथानक शोधत बसावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि इकडून सावरगाव, तिकडून पांढुर्णा असे दोन्ही काठ एकमेकांवर दगड फेकतात. हीच ती गोटमार. आख्यायिका अशी, की पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली आणि दोघं नदीच्या मधोमध असतानाच दोन्हीकडून दगड सुरू झाले. प्रेम, पाठलाग, हाणामारी आणि शेवटी चंडीमातेचा जयजयकार. संगीत नाटकाला आणखी काय लागतं?

तरी आमच्या शाळेत ते कधी बसलं नव्हतं. एक पोरगी पळाल्याचा हिशेब जिथं दरसाल दगडांनी चुकता होतो, तिथं त्या भूमिकेसाठी आपली लेक कोण देणार?

ती अडचण सोडवली कोरोनानं. मध्य प्रदेशात सहावी ते आठवीचे वर्ग १ सप्टेंबर २०२१ ला उघडले, तेही निम्म्या हजेरीवर. नोव्हेंबरात पूर्ण हजेरीची परवानगी आली आणि आठवडाभरात, २९ नोव्हेंबरपासून, पुन्हा निम्मी झाली. त्याच सुमारास मी एका पालकाच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"पोरीचं तोंड दिसन का जी, गुर्जी?"

"नाही. मास्क आहे."

"पोट्टा हात लावन?"

"नाही. दो गज की दूरी."

"मंग घ्या न बसवून!"

मराठी रंगभूमीवर प्रेमाला एवढी तत्काळ मंजुरी क्वचितच मिळाली असेल.

पेच निघाला तो पात्रयोजनेत. गोटमारीत पांढुर्णेकर व्हायला आमच्यातलं एकही पोट्टं तयार होईना. (पुढं २०२३ साली छिंदवाड्यातून फुटून नवा जिल्हा झाला तोही पांढुर्ण्याच्याच नावानं, ही सल निराळी.) शेवटी हजेरीच्या तुकड्या कामी आल्या. सोम-बुध-शुक्रवाले सावरगाव, मंगळ-गुरु-शनिवाले पांढुर्णा. सरकारी आदेश म्हटल्यावर पोरंही गप्प बसली. यात नायिका सोमवारची आणि नायक मंगळवारचा निघाला. त्यामुळं प्रेमी जीवांची तालमीत गाठच पडेना. ती सोमवारी रिकाम्या खुर्चीकडे बघून लाजायची, तो मंगळवारी त्याच खुर्चीला आणाभाका द्यायचा. युद्धाच्या तालमीत तर एकच सैन्य. समोर कोणीच नसल्यानं रोज विजय.

गाण्याचं प्रकरण मात्र गंभीर होतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली गायकवृंदाची १० मार्च २०२० ला तालीम झाली. त्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघं दगावले. तेव्हापासून एकत्र गाणं जगभर जोखमीचं ठरलं होतं. म्हणून आम्ही प्रत्येकाचा आवाज घरूनच मोबाईलवर मागवला. समूहगीत जोडून ऐकलं तर प्रत्येकाची पट्टी वेगळी, लय तर त्याहून वेगळी, आणि दुसऱ्या अंतऱ्यात एक बकरी. गंमत म्हणजे सुरात फक्त तीच होती. आमच्या पेटीवाल्यांनी तिला काढायला साफ नकार दिला.

नदी कशी ओलांडायची हा प्रश्न शेवटपर्यंत लटकला. मूळ कथेत तो तिला उचलून नेतो. आमच्या नायकानं बैलाचा कासरा आणला. एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या, मध्ये नियमानुसार दोन गज. पोरगी पळवतोय की कालवड बाजारात नेतोय, हे ओळखणं कठीण होतं. पण तिच्या वडिलांना तेच दृश्य सगळ्यात जास्त आवडलं.

नाटक ठरलं होतं २६ जानेवारीला. पण तिसरी लाट आली, १५ जानेवारीपासून शाळा बंद झाल्या आणि प्रयोग फेब्रुवारीवर गेला. मैदानात फक्कीनं गोल आखले, एकेका गोलात एकेक प्रेक्षक. पडद्याआड कागदाचे बोळे तयार होते. खऱ्या गोटमारीत प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले होते आणि लोकांनी दगडच उचलले, हा इतिहास ठाऊक असल्यानं मी प्रत्येकाचे खिसे तपासले. एका उत्साही शिक्षकांनी बोळ्यांवर सॅनिटायझर फवारला, तो जरा सढळ हातानं. पहिलाच ओला बोळा पांढुर्ण्याच्या सेनापतीच्या मास्कवर "थप्प" करून बसला आणि तिथंच चिकटला.

मैदान पेटलं. गोल मोडून अख्खं सावरगाव मंचाकडे सरकलं. कपाळावर जुन्या गोटमारीची खूण मिरवणारे एक आजोबा मास्क हनुवटीवर ओढून ओरडत होते, "असा नाही बे! खांद्यातून फेक, खांद्यातून!" खरं सांगायचं तर अख्ख्या नाटकात अंतराचा नियम मनापासून पाळला तो याच प्रवेशानं. दगड मारायला अंतर लागतंच.

पुढच्या वर्षी निर्बंध पार उठले. मी मोठ्या हौसेनं त्याच ओट्यावर गेलो.

"यंदा मास्क नाही म्हणता?"

"नाही."

"अन् दो गज?"

"तेही नाही."

"मंग नाटकही नाही, गुर्जी."

त्या साली आम्ही स्वच्छतेवर पथनाट्य बसवलं. नायकाच्या हातात झाडू होता आणि नायिका नव्हतीच.